मिठाची गुळणी

याश्नानं विचारलं,
"बाई, पाणी जातं कुठं?"

खिडकीबाहेर खाडी रिकामी.
होड्या चिखलात कुशीवर निजलेल्या,
आणि सकाळी जिथं मासे होते
तिथून एक कुत्रं
निवांत चालत निघालेलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं.
चंद्र, ओढ, दोन वर्तुळांची आकृती,
पान बेचाळीस.
सात मिनिटांचं काम.

मी मिठाची गुळणी धरली.
सोपं नसतं ते.
ज्या तोंडावर वीस वर्षं पोट भरलं
तेच मिटून बसायचं,
आणि हात कुठं ठेवायचे कळत नाही म्हणून
शेगडीत उगाच एक ओंडका सारायचा.

अकरा मुलं, चार इयत्ता, एक खोली.
ओस्वाल्दो म्हणाला, तळाला भोक असणार, मोरीसारखं.
धाकटी नायेली म्हणाली,
समुद्र पाणी पितो
मग त्याला उलटी होते.
याश्ना म्हणाली, समोरच्या बेटाकडे जात असेल,
तराजूसारखं,
इथलं पारडं वर, तिथलं खाली.
हे मला फार आवडलं.
चूक होतं, तरी आवडलं.

"तिकडंपण नसतं."
शेवटच्या बाकावरून एलिसेओ,
ओल्या बुटांचा एलिसेओ,
बेटावरून एकटा वल्हवत येणारा,
तीन वर्षांत माझी सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला.
"तुमच्याकडं चिखल असतो
तेव्हा आमच्याकडंपण चिखलच."

सगळी मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली.
त्याच्याकडे कुणी असं
कधी बघितलं नव्हतं.
मीसुद्धा.

मग काठ्या आल्या.
कुणाच्या बापाच्या सुतारकामातल्या,
कुणाच्या कुंपणातून उपटलेल्या.
त्यांना लाल लोकरीच्या गाठी,
वीत-वीत अंतरावर,
आणि वीत कुणाची यावरून एक मोठं भांडण.
(शेवटी नायेलीची ठरली. तिच्या विती जास्त भरतात.)

दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा आलं.
तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा.
ओस्वाल्दो म्हणाला, काठी बिघडली.
मग म्हणाला, घड्याळ बिघडलं.
कास्त्रोहून आलेले पर्यवेक्षक म्हणाले,
वर्ग कुठं आहे?
मी चिखलाकडे बोट दाखवलं.
त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं
आणि वहीत काहीतरी लिहिलं, बरंच.

बटाट्याच्या पोत्यावर कोळशानं तक्ता वाढत गेला.
महिना झाला.
पाऊस रोजचाच, त्याची नोंद कुणी केली नाही.

एका सकाळी याश्ना माझ्या टेबलाशी
हजेरीच्या वहीवर वाकून उभी.
एक बोट वहीवर, एक पोत्यावर.
"बाई, हे तर कुणीतरी
आधीच लिहून ठेवलंय."

एलिसेओ चिग्वाय.
उशिरा. उशिरा. जास्त उशिरा.
मग आठवडाभर वेळेवर.
पुन्हा उशिरा.
लाल शाईत, माझ्याच अक्षरात,
तीन वर्षांची भरती-ओहोटी,
एक दिवस न चुकता.

तळ उघडा पडला की होडी निघत नाही.
एवढंच होतं.
पाणी येईपर्यंत हा पोरगा
काठावर दप्तर मांडीवर घेऊन
बसत असणार.
"सांगितलं का नाहीस रे?"
त्यानं खांदे उडवले.
"तुम्ही विचारलं नव्हतं.
तुम्ही म्हणायचात, पुन्हा उशीर?"

ते प्रश्नासारखं ऐकू येतं.
प्रश्न नसतो तो.

आता मुलं त्याच वहीवरून
पुढचा आठवडा मांडताहेत:
गुरुवारी एलिसेओ साडेनवाला,
शुक्रवारी सव्वादहाच्या सुमारास.
शाळेची घंटा पुढं ढकलता येईल का
यावर मतदान चाललंय.

आणि फळ्यावर,
कोपऱ्यात, अजून कुणी पुसलेलं नाही:
पाणी जातं कुठं?
पान बेचाळीस
मी अजून उघडलेलं नाही.
तोंड खारट आहे.